पस्तिशीला थांबलेला ‘प्रौढ’

नागपुरात एम.ए.च्या वर्गात बाप आणि मुलगा शोभावेत अशी दोन माणसे एकाच बाकावर बसलेली दिसली, तर कुणाला फारसे नवल वाटत नाही. पाली, बौद्ध अध्ययन, आंबेडकर विचारधारा या विषयांच्या वर्गांत तर नाहीच. रेल्वेतून, टपाल खात्यातून, अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला माणूस सहा महिने घरी काढतो. भाजी आणतो, नातवाला शाळेत सोडतो, पेन्शनचे कागद लावतो. मग एक दिवस प्रवेशाचा अर्ज घेऊन येतो. घरचे विचारतात, ‘‘आता कायले शिकून राहिले बाप्पा?’’ तो हसतो आणि अर्जाला लावायला फोटो शोधू लागतो.

‘ज्येष्ठांसाठी अभ्यासक्रम’, ‘आजीवन अध्ययन’ हे शब्द आता सरकारी कागदांवर रुळले आहेत. या शब्दांचा माग काढत मागे गेले, तर एक गोष्ट ध्यानात येते. साठीच्या माणसासाठी म्हणून शिक्षणाचे दार कुणी फारसे उघडलेच नव्हते. ती माणसे दुसऱ्या कुणासाठी उघडलेल्या दारांतून आत शिरली.

मोठ्यांच्या शिक्षणाची सुरुवात आपल्याकडे रात्रशाळेने झाली. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणारा माणूस रात्री शिकेल, एवढा साधा हिशेब होता आणि त्यात वयाची अट नव्हती. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझादांच्या काळात प्रौढ शिक्षणाला ‘समाजशिक्षण’ हे नाव मिळाले. नुसती अक्षरओळख पुरेशी नाही, आरोग्य, शेती, नागरिकत्व हेही शिकवावे, असा तो विचार होता. साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम याच वातावरणातली. गाव साक्षर झाले की मिरवणूक निघायची, आणि म्हातारेही पाटी घेऊन बसायचे.

वयाची रेघ पुढे ओढली गेली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत दहा कोटी निरक्षरांपर्यंत पोचायचे, हे उद्दिष्ट. पण हे ‘प्रौढ’ कोण? १५ ते ३५ या वयातले. पंधरा वर्षांचे पोर प्रौढ, आणि छत्तीस वर्षांची बाई योजनेच्या बाहेर. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, तेव्हाही वयोगट तोच राहिला. यामागचे कारण लपवलेले नव्हते. पैसा थोडा, निरक्षर अफाट. मग ज्यांच्या शिकण्याचा देशाच्या उत्पादनाला आणि पुढच्या पिढीला उपयोग होईल, त्यांच्यावर तो खर्च करायचा. अर्थशास्त्र म्हणून ते समजण्यासारखे आहे. तरी ‘प्रौढ’ या शब्दाचा पस्तिशीला शेवट करणे मला कधी पटलेले नाही.

या रेघेचा अर्थ एका जन्मसालावरून बघावा. १९४२ साली जन्मलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली बाई १९७८ साली ३६ वर्षांची होती. एका वर्षाने हुकली. वरची मर्यादा काढून ‘१५ आणि त्यापुढे’ असे म्हणणारी साक्षर भारत योजना ८ सप्टेंबर २००९ रोजी आली, तेव्हा तीच बाई ६७ वर्षांची झालेली. मधल्या ३१ वर्षांत तिच्या दारावरून दोन मोठ्या मोहिमा गेल्या. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या पुरुषांपैकी सुमारे ५९ टक्के साक्षर होते आणि बायकांपैकी २८ टक्के. हा आकडा वाचताना ‘जुनी पिढी’ म्हणून मान हलवायची सवय आहे. बालपणी शाळा नव्हती हे त्याचे मुख्य कारण खरेच, पण नंतर सावरण्याची जी संधी होती, तीही वय पाहून वाटली गेली. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि गुलाबी नऊवारीतल्या, पाठीला दप्तर लावलेल्या आज्यांची छायाचित्रे जगभर गेली. त्या आज्या या रेघेपलीकडच्याच होत्या. छायाचित्रे पाहून सगळ्यांना गंमत वाटली.

परदेशात हाच काळ वेगळ्या वाटेने चालला होता. फ्रान्समध्ये तुलूझच्या विद्यापीठात पिएर वेला या कायद्याच्या प्राध्यापकाने १९७३ साली निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले. पहिले वय शिकण्याचे, दुसरे कमावण्याचे, तिसरे निवृत्तीनंतरचे पण हातपाय धडधाकट असलेले. उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या इमारती आणि प्राध्यापक त्यांच्या उपयोगी पडले. १९८१ साली केंब्रिजमध्ये पीटर लॅझ्लेट या इतिहासकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना उचलली, पण उलटीपालटी करून. तिथे विद्यापीठच नाही. निवृत्त माणसेच एकमेकांना शिकवतात. आज ज्याने भूगर्भशास्त्र शिकवले, तो उद्या दुसऱ्याच्या इटालियनच्या वर्गात विद्यार्थी. परीक्षा नाही, पदवी नाही, कुणी कुणाचा सर नाही.

नागपूरला यातला एकही नमुना जसाच्या तसा मानवला नसता, असे मला वाटते. इथल्या निवृत्त माणसाला परीक्षा हवी असते. हॉल तिकीट हवे असते, गुणपत्रिका हवी असते, दीक्षान्त समारंभातला फोटो दिवाणखान्यात लावायचा असतो. केंब्रिजच्या निवृत्त डॉक्टरला पदवीचा कंटाळा आलेला असू शकतो. ज्याची पदवी बापाच्या आजारपणात, बहिणींच्या लग्नांत, सतराव्या वर्षी लागलेल्या नोकरीत राहून गेली, त्याला तिचा कंटाळा कसा येणार?

शिवाय हे शहर मुळातच कचेऱ्यांचे. १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी. हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे, आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेले विद्यापीठ. त्याच वर्षी जानेवारीत विदर्भ साहित्य संघ अमरावतीला सुरू झाला आणि पुढे नागपूरला सीताबर्डीवर आला. १९५६ साली राजधानी गेली, तरी महालेखाकार कार्यालय, रेल्वे, टपाल ही खाती राहिली. फायलीवर टिपण लिहिणारा, नियमांची कलमे तोंडपाठ असलेला, मॅट्रिकवर नोकरीला लागलेला कारकून ही इथली ओळखीची माणूसजात. त्याच्यातल्या अनेकांनी नोकरी सांभाळून खासगीरीत्या बी.ए., एम.ए.च्या परीक्षा दिल्या. दिवसा कचेरी, संध्याकाळी वाचनालय, रात्री कंदील किंवा चाळीस वॅटचा दिवा. त्या काळी त्याला कुणी ‘आजीवन अध्ययन’ म्हटले नाही. ‘एक्स्टर्नल’ म्हणत, तेही थोडे कमी लेखूनच.

म्हातारपणी अभ्यास करणारा म्हणून या शहराला जो माणूस माहीत होता, तो मात्र विद्यार्थी नव्हे, महामहोपाध्याय होता. कोरीव लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांचा जन्म १८९३ चा. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा खंड १९६३ साली निघाला, वयाच्या सत्तरीत. शिलाहारांच्या लेखांचा खंड १९७७ साली, तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. ताम्रपटावरची झिजलेली अक्षरे वाचायला चाळिशीतल्या माणसालाही भिंग लागते. मिराशींचे उदाहरण सत्काराच्या भाषणांत हमखास येई, आणि त्याचा सामान्य माणसावर परिणाम उलटाच होत असावा. उतारवयातला अभ्यास हे विद्वानांचे काम, आपण आपले हरिपाठ म्हणावा.

हा समज मोडला तो दीक्षाभूमीच्या परिसरात वाढलेल्या पिढीने. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला जी मुले बापाच्या खांद्यावर किंवा आईच्या कडेवर होती, ती शाळेत गेली, नोकरीला लागली आणि २०१० च्या आसपास एकेक करून निवृत्त होऊ लागली. वंदना, सुत्त, गाथा त्यांना लहानपणापासून पाठ होत्या, पण अर्थ मराठी अनुवादातून कळलेला. मूळ पाली वाचता यावी ही ओढ तिथली. जातककथांचा हिंदी अनुवाद करणारे भदंत आनंद कौसल्यायन उत्तरायुष्यात नागपुरात होते. त्यांचे इथेच १९८८ साली निधन झाले. विद्यापीठात पालीचा विभाग होता, पुढे आंबेडकर विचारधारेचाही आला. हे विभाग तरुणांसाठी, संशोधकांसाठी, नेट-सेटच्या उमेदवारांसाठी काढलेले. त्यांत निवृत्त माणसे शिरली आणि वर्गाचा नूरच पालटला.

इथे जरा थांबावेसे वाटते, कारण नागपूरचे वेगळेपण मला इथे दिसते. तिसऱ्या वयाच्या विद्यापीठात माणूस फावल्या वेळेसाठी येतो. दीक्षाभूमीवर दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जी पुस्तकांची दुकाने लागतात, तिथे भाकरी बांधून आलेला म्हातारा फावल्या वेळेसाठी पुस्तक विकत घेत नाही. त्याला ते हक्काचे वाटते. पालीच्या वर्गातला बासष्ट वर्षांचा विद्यार्थी त्याच दुकानांवरून आलेला असतो. त्याची नजर अधू झालेली असते, धातुरूपे लक्षात राहत नाहीत, पण अट्ठकथेतला, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेतला, एखादा दाखला आला की वर्गात सगळ्यात आधी त्याला आठवतो, कारण तो त्याने विहारात शंभरदा ऐकलेला असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीचे पेढे सगळीकडे वाटले गेले. पालीचेही वाटले असतील, तर ते आंबेडकरी वस्त्यांच्या उत्तर नागपुरात.

दुसरे दार मुक्त विद्यापीठांचे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे, आणि दोन्हींची विभागीय केंद्रे नागपुरात. हेही मुळात नोकरदारांसाठी आणि शिक्षण सुटलेल्या तरुणांसाठी. पण घरी येणारी मराठी पुस्तके, रविवारचे वर्ग आणि वयाला नसलेली वरची मर्यादा या तीन गोष्टींनी गृहिणी आणि निवृत्त दोघांचेही जमले. बायकांच्या बाबतीत हे दार जास्त मोलाचे ठरले. त्यांना निवृत्ती नसते. सून आली, मुलगी सासरी गेली, की मग त्यांचा वेळ थोडा मोकळा होतो. रामटेकला १९९७ साली कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ झाल्यावर संस्कृत, योग, ज्योतिष यांचे छोटे अभ्यासक्रम आले. स्तोत्रे पाठ असलेल्या कुणाला सुभाषितांचा अन्वय लावावासा वाटला, तर त्याची सोय झाली. (ज्योतिषाला विद्यापीठात जागा असावी का, हा वेगळा वाद आहे, आणि तो इथे नको.)

सगळीच दारे उघडी राहिली असे नाही. वकिलीचा अभ्यास हे निवृत्त सरकारी नोकराचे जुने आकर्षण. नियम त्याला माहीत असतातच, फक्त काळा कोट नसतो. भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या एलएल.बी.ला तीस वर्षांची मर्यादा घातली. ती पुढे मागे घेतली गेली, पुन्हा आणली गेली आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पुन्हा तीच वयाची रेघ, या वेळी पाच वर्षे अलीकडे.

विद्यापीठांच्या कारभारात हा विषय हळूहळू सरकला. अध्यापन आणि संशोधन यांच्याबरोबर ‘विस्तार’ हेही विद्यापीठाचे तिसरे काम आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली मानले. त्यातून प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग आले. २००७ च्या सुमारास त्यांच्या पाट्या बदलून ‘आजीवन अध्ययन व विस्तार’ झाल्या, आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानेही तेच नाव घेतले. पाटी बदलली म्हणून आतला माणूस लगेच बदलत नाही. या विभागांचे बहुतेक काम राहिले महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वस्तीत जाऊन करायचे उपक्रम. म्हातारी माणसे त्यात ‘लाभार्थी’ असायची.

ज्येष्ठ नागरिक संघांचे म्हणाल, तर त्यांचा राज्यव्यापी महासंघ, फेस्कॉम, १९८० पासून आहे, आणि वयस्कांना ‘वृद्ध’ऐवजी ‘ज्येष्ठ’ म्हणायला लावण्यात या चळवळीचा मोठा वाटा आहे. नागपुरात वस्तीवस्तीत मंडळे आहेत. व्याख्याने भरपूर होतात. गुडघे, मधुमेह, मृत्युपत्र, हयातीचा दाखला, मग चहा. व्याख्यान ऐकून माणूस घरी जातो. अभ्यासक्रमात त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे लागते, आणि मागचे आठवावे लागते. हा फरक मंडळांनी फारसा मनावर घेतलेला नाही. १९९९ च्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरणात ज्येष्ठांच्या शिक्षणाच्या गरजांचा उल्लेख आहे, पण तो उल्लेखच. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमातही वय पंधरा आणि पुढे, म्हणजे निदान वरची रेघ परत आलेली नाही.

तरीही प्रवेशाच्या खिडकीवरचा अर्ज अठरा वर्षांचा मुलगा समोर धरूनच केलेला असतो. पालकाचे नाव, पालकाचा व्यवसाय, पालकाचे वार्षिक उत्पन्न. अडुसष्ट वर्षांच्या विद्यार्थ्याने तिथे काय लिहायचे, हे खिडकीमागच्या माणसालाही ठाऊक नसते. कुणी दिवंगत वडिलांचे नाव लिहितो, कुणी मुलाचे. मग येते गॅप सर्टिफिकेट. मधल्या वर्षांत दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, काय करत होतो, हे शपथेवर लिहून द्यायचे. दोन वर्षांचा खंड असलेला पोरगा लिहितो, ‘आजारी होतो.’ त्याच्या मागे उभा असलेला निवृत्त माणूस पेन काढतो, चष्मा पुसतो आणि एकेचाळीस वर्षांचा हिशेब त्या तीन ओळींच्या जागेत बसवायला लागतो.