चकचकीत स्टीलमधला कमजोर बोल्ट

दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचा पंप वर काढला की चमकत्या स्टीलचा एखादा बोल्ट दगा दिलेला सापडतो. वॉशर सोडवला की खाली तपकिरी कडं दिसतं, आणि त्या कड्यात टाचणीच्या टोकाएवढी, पण खोल गेलेली भोकं. आजूबाजूचं स्टील मात्र नव्यासारखं. मग दुकानदाराला शिव्या बसतात. कधी त्या रास्तही असतात, पण बरेचदा दोष दोन स्टीलच्या जोडीचा असतो.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्यामुळे पृष्ठभागावर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड हाच थर जागोजागी फोडतं. वॉशरखालच्या फटीत तर ऑक्सिजन पोचत नाही, पाणी आम्लधर्मी होतं, क्लोराइड आत साचत जातं आणि थर पुन्हा धरूच शकत नाही.

दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात जोडले की बॅटरी तयार होते, हे आपण शाळेत शिकलो. पण ३०४ आणि ३१६ या ग्रेडच्या स्टीलवरचा थर शाबूत असेल, तर दोघांच्या विद्युत पातळीत फारसा फरक नसतो. प्रवाह नगण्य असतो. खरा घात ३०४चा थर फुटल्यावर होतो. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते तग धरतं. ३०४ची पातळी घसरते, ते झिजू लागतं, आणि शेजारचा ३१६चा सगळा पृष्ठभाग पाण्यातल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन पुरवायला लागतो. ते इलेक्ट्रॉन येतात त्या इवल्याशा भोकातून. म्हणून मोठ्या ३१६च्या पट्टीत छोटा ३०४चा बोल्ट ही सगळ्यात वाईट जोडी. उलट जोडी बरीच निभावते.

समुद्रात हे फार झपाट्यानं होतं. तिथं लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं, शिवाय स्टीलवर जमणारा जिवाणूंचा बुळबुळीत थर ऑक्सिजनची अभिक्रिया आणखी वाढवतो. फटींमध्ये तिथं ३१६सुद्धा टिकत नाही.

आपल्या विहिरी-बोअरचं पाणी एवढं खारं नसतं. पण ३०४साठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोराइडच्या आसपास धरतात, ३१६साठी हजाराच्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २५० मिलिग्रॅम क्लोराइड चालतं आणि दुसरा स्रोत नसेल तर १०००. म्हणजे जे पाणी माणसाला चालतं, तेही ३०४ला जड जाऊ शकतं. पंप बसवण्याआधी पाणी तपासून घ्यावं, असं मी आग्रहानं सांगेन.

लोहचुंबक लावून ग्रेड कळत नाही. स्वस्त २०२, ३०४ आणि ३१६ ही तिन्ही चुंबकाला साधारणपणे चिकटत नाहीत. बोल्टच्या डोक्यावरची खूण बघा: ए२ म्हणजे ३०४च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६च्या. पट्टी ३१६ची असेल तर बोल्ट ए४चाच मागा, चार पैसे जास्त गेले तरी.