आमचं सॉफ्टवेअर बसवण्याआधी: हेड ऑफिसच्या आयटी सिक्युरिटीची मंजुरी कशी घ्यावी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या बऱ्याच ग्राहकांचं हेड ऑफिस मुंबई-पुण्याला आहे. सूत, डाइंगचे लॉट आणि टॉवेलच्या गाठींचा हिशेब ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर स्टोअरवाल्यांना पसंत पडतं, मॅनेजरसाहेब होकार देतात, आणि मग हेड ऑफिसहून विचारणा येते: हे कुणाचं? परवानगी कुणी दिली? त्यासाठी हे पत्रक.

मंजुरी येईपर्यंत सॉफ्टवेअर बसवू नका, अगदी 'बघण्यापुरतं'सुद्धा नको. डेमो आम्ही आमच्याच लॅपटॉपवर, नमुन्याच्या आकड्यांवर दाखवतो. परस्पर बसवलेली फाइल कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेने पकडली, तर पुढे अर्ज केला तरी त्याच्याकडे संशयानेच पाहिलं जातं.

सिक्युरिटीवाले उगाच अडवत नाहीत. डिसेंबर २०२०मध्ये सोलरविंड्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं. तिथे रीतसर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घातक कोड घुसवला होता आणि ते अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचलं होतं. वर्षभराने लॉगफोरजे या मोफत घटकात मोठी त्रुटी सापडली. हा घटक आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही, हेच अनेक कंपन्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून आता सिक्युरिटी टीम सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी मागते, तिलाच एसबीओएम म्हणतात. आमच्या प्रत्येक आवृत्तीची यादी तयार असते, मागून घ्या.

मंजुरीसाठी टीम जो फॉर्म भरून मागते, त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो डेटाच्या प्रश्नांवर. 'डेटा कुठे राहतो?' या रकान्यात नुसतं 'क्लाउडवर' लिहिलं, की फॉर्म परत आलाच म्हणून समजा. कोणता डेटा, कुठल्या शहरातल्या सर्व्हरवर, आमच्याकडे तो कोण उघडू शकतं, बॅकअप किती दिवस राहतो आणि करार संपल्यावर कधी पुसला जातो, हे सगळं लिहावं लागतं. गाठींचे आकडे एक वेळ सोपे. पण हजेरीचा भाग चालू केला की कामगारांची नावं आणि मोबाइल नंबर येतात, म्हणजे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा प्रश्न आला. हजेरी नको असेल तर आधीच सांगा, आम्ही तो भाग बंद करूनच देतो. जो डेटा घेतलाच नाही, त्याचं उत्तर द्यावं लागत नाही.

टॅलीशी जोडणी हवी असेल, तर आम्ही फक्त वाचणार की नोंदीही करणार, हे अर्जात स्पष्ट लिहा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड आम्हाला देऊ नका, वेगळं मर्यादित खातं पुरतं. सपोर्टसाठी आम्ही तुमच्या स्क्रीनवर येतो ते तुम्ही बोलावल्यावरच. कायम उघडी वाट ठेवत नाही, हेही लिहा.

फाइल आमचीच आहे ना, हे तुम्हालाही पाहता येतं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि डिजिटल सिग्नेचर्समध्ये आमच्या फर्मचं नाव पाहा. नाव नसेल तर ती फाइल चालवू नका, आधी आम्हाला फोन करा.

माहिती सुरक्षेचं आयएसओ २७००१ प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. तिथे 'नाही' असंच लिहा आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरने केलेल्या तपासणीचा अहवाल जोडा. गोपनीयता करार झाला की तो मिळेल. अहवालातली एखादी त्रुटी दुरुस्त व्हायची बाकी असेल, तर दुरुस्तीची तारीख आम्ही लेखी देतो. आमच्या मते 'नाही, पण त्याऐवजी हे' या उत्तराला टीम जास्त मान देते.

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. त्यामुळे काही घडलं तर आम्ही तुम्हाला किती वेळात कळवू, हे करारातच घालून घ्या.

तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. मार्चएंडला अर्ज टाकू नका. तांत्रिक प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊ नका, कॉल जोडून द्या, आमचा प्रोग्रॅमर थेट बोलेल. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत ऑफिस दुपारनंतर बंद असतं, तेव्हा मेल करा.