बाकं भरली म्हणजे मंडळी ठणठणीत?

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत रविवारी उपासनेनंतर पोहे खाता खाता हिशेब निघतो: बाकं भरली, दानही भरपूर, म्हणजे मंडळी, म्हणजे आपलं चर्च, आध्यात्मिकदृष्ट्या ठणठणीत. समज जुना आहे, पण बायबलचा नाही. बायबलमधलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याचे अध्याय 2 आणि 3 उघडा. आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांची तिथे येशूने झडती घेतलीय. लावदिकीया पैसेवाली, तिला दरिद्री, आंधळी ठरवलंय. सार्दीस नावाला जिवंत, प्रत्यक्षात मेलेली. ठपका नाही तो फक्त दोघींवर: गरीब, छळ सोसणारी स्मुर्णा आणि शक्ती थोडकी असलेली फिलदेल्फिया. इफिसचं प्रकरण मला सगळ्यांत बोचरं वाटतं, शिकवणीच्या शुद्धतेवरून भांडणाऱ्यांनी तर ते जरूर वाचावं. कष्ट, चिकाटी, खोटे प्रेषित ओळखायची नजर, सगळं होतं. पहिली प्रीती तेवढी सुटली होती. पश्चात्ताप केला नाही तर समईच काढून नेईन, अशी ताकीद येशूकडून मिळाली; समई म्हणजे तिथे खुद्द मंडळीचंच प्रतीक.