जॉर्ज विम्पी (कंपनी)

ब्रिटनमधील एक जुनी बांधकाम कंपनी, पुढे निव्वळ गृहबांधणी कंपनी. त्याच उच्चाराच्या बर्गरच्या दुकानांशी तिचा काही संबंध नाही. १८८० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागात जॉर्ज विम्पी आणि वॉल्टर टोम्स यांनी दगडकामाचा धंदा काढला, तीच तिची सुरुवात. विम्पी १९१३ मध्ये वारले. १९१९ मध्ये गॉडफ्री मिचेल यांनी ३,००० पौंडांना कंपनी विकत घेतली, पण पाटी जुनीच ठेवली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मिचेल घरबांधणीत उतरले आणि १९३४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

तिची खरी ओळख ठरली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ‘नो-फाइन्स’ काँक्रीटच्या घरांमुळे. विटांची टंचाई, कुशल गवंडी मिळेनात आणि नगरपालिकांना तर हजारो घरे हवी होती. या काँक्रीटमध्ये वाळू घालतच नाहीत. जाड खडीला सिमेंटचा लेप देऊन ती मजलाभर उंचीच्या साच्यात ओततात. साचा काढला की भिंत शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी दिसते : खडे एकमेकांना चिकटलेले, मधे पोकळ्या. बाहेरून गिलावा केला की काम संपले. अशी सुमारे ३ लाख घरे कंपनीने उभारली. झपाट्याने बांधण्यासाठी युक्ती उत्तम होती. राहणाऱ्यांना मात्र हिवाळ्यात थंड भिंतींचा आणि त्यांवर धरणाऱ्या ओलीचा त्रास झाला. अनेक घरांना नंतर बाहेरून उष्णतारोधक थर चढवावा लागला.

१९९६ मध्ये विम्पीने टारमॅक कंपनीशी चक्क अदलाबदल केली. आपला ठेकेदारीचा आणि खाणींचा व्यवसाय देऊन टारमॅकचा घरबांधणीचा व्यवसाय घेतला. मग २००१ मध्ये मॅकअल्पाइन होम्स आणि २००२ मध्ये लेंग होम्स विकत घेतल्या.

जुलै २००७ मध्ये टेलर वुड्रो या प्रतिस्पर्धी कंपनीशी विम्पीचे विलीनीकरण होऊन ‘टेलर विम्पी’ तयार झाली. कागदोपत्री हा बरोबरीचा सौदा. पण टिकून राहिलेली कायदेशीर कंपनी टेलर वुड्रोच होती, फक्त तिचे नाव बदलले. मुहूर्त मात्र चुकला. दोघींच्या जमिनी आणि कर्जे एका खात्यावर आली ती नेमकी घरांच्या किमती कोसळण्याच्या तोंडावर. २००८ अखेरीस समभागाचा भाव काही पेन्सांवर आला होता.