स्टेंटनंतरच्या गोळ्या : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नागपूरच्या धंतोलीतील आमच्या औषधालयात अँजिओप्लास्टी करून स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेल्या रुग्णांचे नातेवाईक वारंवार विचारतात, की छातीत दुखणे थांबले आहे, तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी (ॲस्पिरिन आणि तिच्यासोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोरसारखी दुसरी गोळी) एक बंद केली तर चालेल का. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा आहे. तो आम्ही देऊ शकत नाही आणि रुग्णानेही परस्पर घेऊ नये.

स्टेंटच्या जाळीवर रक्तवाहिनीचे अस्तर चढेपर्यंत तेथे गुठळी होण्याचा धोका अधिक असतो आणि तो रुग्णाला जाणवत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅप्ट’ अभ्यासात ९,९६१ रुग्णांपैकी एका गटाने ॲस्पिरिनसोबतची दुसरी गोळी १२ महिन्यांनी थांबवली आणि दुसऱ्याने ती ३० महिन्यांपर्यंत घेतली, तेव्हा स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण अनुक्रमे १.४ आणि ०.४ टक्के आढळले. मात्र ३० महिने गोळी घेणाऱ्यांत मध्यम ते गंभीर रक्तस्राव १.६ टक्क्यांऐवजी २.५ टक्के झाला. फायदा आणि धोका असे दोन्ही वाढत असल्याने मुदत रुग्णागणिक ठरते. शेजाऱ्यांची मुदत आपल्याला लागू होत नाही.

सर्वाधिक खोळंबा होतो तो नाव कापले गेलेल्या रिकाम्या स्ट्रिपमुळे. ‘हीच द्या’ असे म्हटले जाते. पण क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिनच्या एकत्र गोळीत ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम असते तसे १५० मिलिग्रॅमही असते. शिवाय क्लोपिडोग्रेल सहसा दिवसातून एकदा, तर टिकाग्रेलोर दोनदा घ्यावी लागते. मग रुग्णालयात फोन लावणे आले, आणि ओपीडीच्या वेळेत तो उचलला जाईलच असे नाही. चिठ्ठीचा आग्रह काहींना जाचक वाटतो. ही औषधे चिठ्ठीवरच देण्याचा नियम आहे आणि त्यात आम्हाला ढिलाई करायची नाही. पित्तासाठी ओमेप्राझोल घेत असाल, तर तेही आधी सांगावे, कारण त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. दात काढायचा असल्यास गोळी बंद करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

पहिल्या खेपेस डिस्चार्ज कार्ड आणि चालू चिठ्ठी आणल्यास आम्ही नोंद ठेवतो आणि गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी फोनवर आठवण देतो. छिंदवाडा, बालाघाट किंवा गडचिरोलीहून तपासणीसाठी येणाऱ्यांनी चिठ्ठी आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवल्यास औषधे बांधून तयार मिळतील.