यार्लुंग राजवंश (प्रारंभिक इतिहास)

मध्य तिबेटात उदय पावलेला राजवंश. ल्हासाच्या आग्नेयेस त्सांगपो (ब्रह्मपुत्र) नदीला मिळणाऱ्या यार्लुंग नदीच्या खोऱ्यावरून हे नाव पडले. राजाला ‘त्सेन्पो’ म्हणत. सातव्या शतकात याच घराण्याने तिबेटी साम्राज्य उभारले. त्यापूर्वीचा वृत्तांत बहुतांशी कथारूप आहे.

मूळपुरुष न्यात्री त्सेन्पो. तिबेटी राजवर्षाची गणना त्याच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इ. स. पू. १२७ पासून होते. हा आकडा उत्तरकालीन कालगणनेचा असून त्याला समकालीन पुरावा नाही. त्याच्या उत्पत्तीविषयी दोन परंपरा आहेत. आग्नेय तिबेटातील कोंग्पो प्रदेशातल्या नवव्या शतकारंभीच्या शिलालेखानुसार तो देवपुत्र असून मनुष्यांचा स्वामी होण्यासाठी ल्हारी ग्यांग्तो पर्वतावर उतरला. वायव्य चीनमधील दुन्हुआंगच्या गुंफेत मिळालेल्या जुन्या तिबेटी हस्तलिखितांतही तो स्वर्गातूनच येतो. बौद्ध इतिहासकार मात्र त्याला भारतीय राजकुळात बसवतात. बुतोनने (१३२२) कोसलाचा प्रसेनजित, मगधाचा बिंबिसार आणि वत्सराज उदयन असे पर्याय नोंदवले आहेत. कौरव-पांडव युद्धातून हिमालयात पळालेल्या रूपतीची कथाही याच संदर्भात येते. तिचा आधार प्रज्ञावर्मनच्या एका स्तोत्रटीकेत आहे. पर्यायांची ही गर्दीच संशयास्पद वाटते. जुन्या साधनांत भारताचा संबंध नसल्याने तो धर्मप्रसारानंतर जोडला गेला, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

न्यात्रीसह पहिले सात राजे ‘त्री’ म्हणून ओळखले जातात. ते ‘मू’ नावाच्या दोरीने स्वर्गाशी जोडलेले असत आणि मुलगा वयात आला की तिच्यावरून परत जात. त्यामुळे त्यांच्या समाध्या नाहीत. द्रिगुम त्सेन्पोपाशी ही परंपरा तुटते. त्याने अश्वपाल लो-ङाम याला द्वंद्वाचे आव्हान दिले. राजाने दोरी तोडावी, ही लो-ङामची एक अट होती. लो-ङामने शंभर बैलांच्या शिंगांना सोन्याचे भाले बांधले व पाठीवर राखेची पोती लादली. बैल एकमेकांना भिडले, राख उधळली आणि त्या धुरळ्यात राजा मारला गेला. त्याचे प्रेत तांब्याच्या पेटीत घालून नदीत सोडण्यात आले. ते परत मिळवण्यासाठी, पक्ष्याप्रमाणे खालून पापण्या मिटणारी मुलगी मोबदल्यात द्यावी लागली. पहिली राजसमाधी द्रिगुमचीच मानतात. एका दैवी राजपरंपरेचा शेवट होऊन दुसरे घराणे आल्याची स्मृती या कथेत दडली असावी, असे काही अभ्यासक सुचवतात. द्रिगुमनंतरच्या पुदे गुंग्येलचा संबंध चिंग्वा ताक्त्से या गढीशी जोडतात.

यानंतरच्या अनेक राजांची फक्त नावेच उरली आहेत.

अठ्ठाविसावा मानला जाणारा ल्हा थोथोरी न्यान्त्सेन बौद्ध ग्रंथांत ठळक आहे. यूम्बू लागांग प्रासादावर आकाशातून बौद्ध ग्रंथांची पेटी पडली, अशी आख्यायिका आहे. तेराव्या शतकातील नेल पंडिताचे स्पष्टीकरण वेगळे: ग्रंथ एका भारतीय पंडिताने व दुभाष्याने आणले, पण बोन या बौद्धपूर्व तिबेटी धर्माच्या अनुयायांना आकाश प्रिय असल्याने ते वरून पडल्याचे सांगण्यात आले. दुन्हुआंगच्या वंशावळीत या राजाचे नाव आहे, पेटीचा उल्लेख नाही.

ऐतिहासिक भूमी लागते ती नाम्री सोंग्त्सेनच्या काळात, सहाव्या शतकाच्या अखेरीस. ल्हासाच्या उत्तरेकडील झिंग्पोर्जे या राजावर नाराज झालेल्या म्यांग, बा व इतर कुळांनी नाम्रीच्या वडिलांशी गुप्तपणे शपथबद्ध होऊन फितुरी केली. नाम्रीने तो प्रदेश जिंकून त्याला फेन्युल हे नाव दिले. ख्युंग्पो पुंगसे सुत्से या सरदाराने पश्चिमेकडील त्सांग प्रदेशाच्या राजाचे शिर कापून तेथील २०,००० कुटुंबे नाम्रीला अर्पण केली. सैन्यबळापेक्षा सरदार कुळांची निष्ठा हाच या राज्याचा पाया होता. तो ठिसूळही होता: नाम्रीला विष देऊन मारण्यात आले व जिंकलेले प्रदेश उठले.

त्याचा मुलगा सोंग्त्सेन गाम्पो याने बंडे मोडून काढली. त्याच्या जन्मवर्षाबाबत एकमत नाही; ६१७ हे पारंपरिक, तर ६०५ च्या आसपासचे वर्षही सुचवले जाते. ६३४ मध्ये त्याचा वकील चीनच्या तांग दरबारी गेला, ६४१ मध्ये वेन्छेंग राजकन्या तिबेटात आली आणि त्या दशकात पश्चिमेकडील झांग्झुंग जिंकले गेले. नेपाळी राणी भृकुटीची ऐतिहासिकता वादग्रस्त आहे. तो ६४९ किंवा ६५० मध्ये वारला. तिबेटी वर्षवार नोंदवही सलग सुरू होते ती याच सुमारास. ६५५ मध्ये मंत्री गार तोंग्त्सेनने कायद्याचा मजकूर लिहविल्याची नोंद तिच्यात आहे.