पाण्याच्या काठालाच दुष्काळ

सत्तरीतले आजोबा हॉलमध्ये वळायला लागले की एकाच जागी आठ-दहा छोटी पावलं टाकतात. तळवे फरशीला चिकटल्यासारखे. पुढे लघवी आवरत नाही, विचार संथ होतात. घरचे म्हणतात, वय झालं. पण काहींच्या बाबतीत दोष वयाचा नसून मेंदूतल्या पाण्याने फुगलेल्या पोकळ्यांचा असतो. हेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं; कमरेतून सुई घालून त्याचा दाब मोजावा, तर तो नॉर्मल! म्हणून नावही तसंच: नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे दाब नॉर्मल असूनही मेंदूत पाणी साचणं. कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकीम यांनी १९६५ साली हा आजार जगापुढे मांडला.

थोडं पाणी काढलं की यातले काही रुग्ण बरे चालू लागतात. म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या. मग त्यांचं बिनसलं कुठे? साध्या स्कॅनमध्ये पोकळीचा आकार दिसतो, रक्त किती पोचतंय ते कळत नाही. मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २००४ मध्ये पेट (PET) स्कॅनने, म्हणजे किरणोत्सारी खुणेच्या मदतीने रक्तप्रवाह मोजून पाहिलं, तर पोकळीच्या अगदी कडेला रक्तप्रवाह सर्वांत कमी आणि बाहेर सरकावं तसा तो वाढत गेलेला. हा भाग तसाही रक्तवाहिन्यांच्या टोकाचा. कालव्याच्या टेलला असलेल्या शेतासारखा. वरच्यांचं भागलं तर याला मिळणार. त्यात शेजारी फुगलेल्या पोकळीचा ताण.

रक्तप्रवाह पाहणाऱ्या स्पेक्ट (SPECT) तपासणीत हाताच्या शिरेतून टेक्नेशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेलं औषध देतात. ते काही मिनिटांत मेंदूत अडकून बसतं आणि मग त्याचे किरण टिपणारा गॅमा कॅमेरा डोक्याभोवती फिरतो. इथे एक गंमत आहे, खरं तर फसगत. या रुग्णांत मेंदूचा माथ्याकडचा भाग जास्त रक्त मिळाल्यासारखा ठळक उमटतो. प्रत्यक्षात पोकळ्या फुगल्यामुळे तिथल्या मेंदूच्या वळ्या (घड्या) कवटीखाली दाटीवाटीने बसलेल्या असतात. रेल्वेच्या डब्यात गर्दी दिसली म्हणून गावाची वस्ती वाढली असं थोडंच म्हणतो आपण? जपानी डॉक्टरांनी मात्र हा आभासच आजाराची खूण म्हणून वापरायला घेतला. मला ही युक्ती फार आवडते.

एमआरआयची एक पद्धत तर इंजेक्शनही मागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करतात. पण म्हाताऱ्या धमन्यांतून रक्त उशिरा पोचलं, तर प्रवाह आहे त्याहून कमी भासतो.

त्यामुळे जादा पाणी पोटात सोडणारी शंटची नळी बसवायची की नाही, हे नुसत्या रंगीत चित्रावर ठरत नाही. रुग्णाला आधी एका पट्ट्यावर चालवून पाहतात, कमरेतून ३० ते ५० मिली पाणी काढतात, पुन्हा त्याच पट्ट्यावर चालवतात, आणि स्टॉपवॉच हातात धरून वळताना आता किती पावलं लागली ते मोजतात.